भाकरी अडकली का?

सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या ऑफिसात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा आमच्या मालकांचा, आबांचा नियम होता. कारण त्या वेळेला तिकडं इंदापूरच्या बाजूला त्यांची धाकटी बहीण, शालनआत्या, भाकऱ्या थापायला बसायची. आबा मोबाईल भिंतीला टेकवून व्हिडिओ कॉल लावायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे आणि टक लावून तव्याकडं बघत बसायचे. भाकरी टम्म फुगून नीट खाली उतरली, की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "झालं. नेट चांगलं हाय." आणि फुगता फुगता ती पडद्यावर मधेच थिजली, की जागेवरनंच ओरडायचे, "भाकरी अडकली! दत्त्या, चढ खांबावर!"

बारामतीपासून पार इंदापूरच्या शिवारापर्यंत पसरलेली आमची इंटरनेट कंपनी, आणि तिचा वेग मोजायची पद्धत ही एवढीच. दत्ता, म्हणजे आमचा लाईनमन, त्याच्याकडं वेग मोजायचं ॲप होतं. तो बिचारा आकडे दाखवायला गेला की आबा तोंड फिरवायचे. "आकड्यानं पोट भरतं का रं? भाकरी दाखव."

मी तिथं फोन घ्यायला होते. काटेवाडीहून स्कूटीवर यायचं, जळोचीत खताच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस, तिथला जिना चढायचा आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या. नेट बंद पडल्यावर माणूस काय काय बोलतो ते मला विचारा! माझं शिक्षण, माझा पगार, माझं खानदान, सगळं निघायचं. त्यावर आबांनी मला पहिल्याच दिवशी उपाय शिकवला होता. कुणाचाही फोन आला, की तक्रार ऐकायच्या आधी विचारायचं, "जेवलात का?"

"अगं पोरी, पोटात भूक असली की मानसाला नेट हळू वाटतं."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण आई शप्पथ सांगते, निम्मे लोक "न्हाय अजून" म्हणून फोन ठेवायचे, आणि जेवून उठल्यावर परत फोन करायचेच नाहीत. हे कुठल्या कॉलेजात शिकवत असतील असं मला वाटत नाही.

पासवर्डचं तर विचारूच नका. प्रत्येक घराचा पासवर्ड आबा स्वतः ठेवायचे, आणि तो म्हणजे त्या घरच्या गाईचं नाव. "इसरला तर गोठ्यात जाऊन बगायचं," असा सोपा हिशोब. वडगाव निंबाळकरच्या एका गृहस्थांनी त्यांची कपिला शेजाऱ्याला विकली. शेजाऱ्यानं गाय दाव्याला बांधली आणि त्याच संध्याकाळपासून ह्यांचं नेटही वापरायला लागला. म्हणे, गाईबरोबर आलंय. दोघं भांडत भांडत आमच्या माडीवर आले. आबांनी दोघांना चहा पाजला आणि निकाल दिला की कपिला व्याली, की कालवडीच्या नावानं नवा पासवर्ड, तोवर गुण्यागोविंदानं दोघांनी वापरायचं. कपिलेनं काही घाई केली नाही. तोवर दोन्ही घरची पोरं एकाच ओट्यावर बसून क्रिकेट बघत होती आणि भांडण कशावरून सुरू झालं होतं ते मोठी माणसं विसरूनही गेली.

आणि हंगाम सुरू झाला की आबांना कुणी आवरू शकायचं नाही. आमच्या वायरी रस्त्यांवरनं आडव्या गेलेल्या, आणि ट्रॉलीवाले ऊस असा रचायचे की वरची मोळी ढगाला लागावी. एक ट्रॉली गेली की एका गावाचं नेट तिच्या मागं लोंबकळत कारखान्याला निघायचं. मग आबा जुन्या लुनावर बसून हातात लांब बेळकं, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेली काठी, घेऊन ट्रॉलीच्या पुढं निघायचे. वायर आली की लुना थांबवायची, बेळक्यानं वायर उचलून धरायची, ट्रॉली खालून पास. मागं ट्रॅक्टरवर ठणाणा गाणी लावलेली. एकदा त्या नादात आबा वायरी संपल्या तरी पुढंच चालले, थेट कारखान्याच्या गेटवर. तिथल्या वॉचमननं विचारलं, तुमचा ऊस कुठाय? आबा म्हणाले, "माजा ऊस न्हाय, माजा दोरा हाय." केबलला ते दोराच म्हणायचे, त्यातल्या काचेतनं उजेड पळतो हे सांगूनही.

पण ह्या सगळ्या खुळांत मोठं खूळ म्हणजे टेलचं. आमच्याकडं कालव्याच्या पाण्याला पाळी असते. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची रानं, ते हेडवाले, ते पोटभर भिजवून घेतात. शेवटाला, म्हणजे टेलला, इंदापूरकडं, पाणी पोचेपोचेतो पाळी संपलेली असते. हे आम्ही सगळे जन्मल्यापासून बघतोय. आबांनी नेटचा कायदा उलटा केला. संध्याकाळी सगळे एकदम पिक्चर बघायला बसले आणि ओढ वाढली, की बारामती शहराचं नेट थोडं आवळायचं आणि टेलला सोडायचं. "हेडवाल्यांनी जल्मभर पाणी पिलंय. नेट तरी टेलला आदी जाऊ द्या." मग शहरातले डॉक्टर मला फोन करून ओरडायचे, मॅडम, पिक्चर अडकलाय, पैसे कशाचे घेता! मी काय बोलणार? मी विचारायचे, "जेवलात का?"

असं आमचं मजेत चाललं होतं आणि मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा निरोप आला, की तुमची कंपनी आम्हाला द्या.

निरोपाची भाषा गोड होती, पण अर्थ कडू. विकलीत तर आबांना बक्कळ पैसा, आम्हाला त्यांच्याकडं नोकऱ्या. पण त्यांना हवी होती बारामती आणि आजूबाजूची गावं. इंदापूरकडचा भाग तोट्याचा, तो ते बंद करणार. आणि नाही विकलीत तर ते आमच्या शेजारनं स्वतःची लाईन टाकणार आणि सुरुवातीचे काही महिने लोकांना फुकट देणार. फुकटापुढं आमची "जेवलात का" किती दिवस टिकणार? कंपनी बुडाली असती तर माझी खुर्चीही गेली असती, आणि माझी खुर्ची गेली असती तर आमच्या घरी पोह्यांची तयारी सुरूच होती. वडील नुसते वाट बघत होते.

आबांनी आमच्या सीएंना बोलावलं. हुशार माणूस, पण घाम फार यायचा. त्यांनी रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आबा, तुमच्यापुढं चार पर्याय आहेत. पहिला, सरळ विकून मोकळं व्हायचं."

"म्हंजी पोरगी द्यायची," आबा म्हणाले.

सीएंनी हातातला कागद उलटला. मग म्हणाले, "दुसरा, नाही म्हणायचं आणि त्यांच्याशी लढायचं."

"पोरगी घरात ठिवायची अन् भावकीची बोलनी खायची. पुढं?"

"तिसरा, दुसरी एखादी बरी कंपनी शोधायची आणि तिला विकायची."

"दुसरं स्थळ बगायचं. पर एक मोडलं म्हनल्यावर दुसरं लवकर येत न्हाय, सायेब. लोकं इचारत्यात, मोडलं कशानं?"

दत्ता कोपऱ्यात तोंडात रुमाल कोंबून बसला होता. सीएंनी घाम पुसला. "आणि चौथा म्हणजे, त्यांना थोडा हिस्सा द्यायचा. पैसा त्यांचा, कारभार तुमचाच. कंपनी इथंच राहील."

आबा खुर्चीतनं उठलेच. "घरजावई!"

"तसंच काहीतरी," सीए हताशपणे म्हणाले.

"मग आदी घरजावयाचं इचारू. त्येंला सांगा, बगायला या म्हनावं. न बगता कोन करतंय?"

सीएंनी मुंबईला कळवलं की मीटिंग ठरली. आबांच्या डोक्यात मात्र बघण्याचा कार्यक्रम ठरला होता! आमच्याकडं एक लोखंडी कपाट होतं, त्यात सगळी यंत्रं आणि लुकलुकणारे हिरवे दिवे. ते पुसून लख्ख केलं. त्याला हळदीकुंकू लावलं. झेंडूची माळ घातली. दत्तानं गजरा आणला होता, पण आबांनी त्याला झापलं, "येड्या, गरम हुतं ते. गजरा कोमेजंल." अहो, खालच्या खताच्या दुकानातली माणसं वर येऊन नवरी बघून जायला लागली. मी हसून हसून खुर्चीवरनं पडायची बाकी होते.

पाहुणे यायच्या दिवशी आबांनी शेगडी आणली आणि स्वतः कांदा चिरायला बसले. मी म्हणाले, आबा, सरका, पोहे मी करते. तर सुरी घट्ट धरून म्हणाले, "न्हाय. पोहे मीच करनार. शालनच्या येळंलाबी मीच वाढले हुते."

मला वाटलं कांद्यानं डोळ्यात पाणी आलंय.

"शाळंतनं आली हुती गं. दप्तर सुदीक खांद्यावर. वडील म्हनले, पावण्यांच्या पाया पड. पडली. त्येंनी नारळ वटीत घातला. ठरलं. मी आपला खुशीत पोहे वाढतोय, चांगलं घर मिळालं म्हनून. तिनं एकदा माज्याकडं बगितलं, पोरी. अन् मी काय म्हनलो असंल? पावण्यांना म्हनलो, अजून शेव देऊ का?" आबांनी सुरी खाली ठेवली. "तिला कुनी इचारलंच न्हाय. मीबी न्हाय. टेलची जमीन निगाली ती. पयल्या उन्हाळ्यात भेटाय गेलो, तर ही घागर घिऊन उन्हाची कुठनं कुठं चाललेली. पाणी न्यायचं काय माज्या हातात न्हवतं. मग नेटचा धंदा काडला, तवा पयला दोरा तिकडं वडला. लोकं म्हनली, आबा खुळावला, तितं गिऱ्हाईक कुठाय?"

मी कढीपत्ता निवडत होते. मला आबांचा राग आला होता, आणि त्याच वेळेला त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटत होतं. टेलला आधी, ह्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

पाहुणे आले. एक साहेब, मध्यम वयाचे, हसरे, आणि त्यांच्याबरोबर लॅपटॉपवाली एक मॅडम. आणि दत्तानं दारातच घोटाळा केला! आमच्यात बोलणी ठरली, की मग पाहुण्यांना टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. आबांनी दत्ताला सांगितलं होतं, ठरलं तर मी खूण करीन, मग दे. पण त्याच्या अंगात असा उत्साह संचारला होता, की साहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचायच्या आत त्यानं त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात नारळ दिला. साहेबांना वाटलं, वा, काय पाहुणचार आहे. त्यांनी जिन्यातनं वळून खाली उभ्या असलेल्या शेतकऱ्यांना नारळ उंचावून नमस्कारही केला.

झालं! टोपी, टॉवेल, नारळ. म्हणजे ठरलं. खतं घ्यायला आलेली माणसं पोती टाकून मोबाईल काढायला लागली. इकडं पाहुणे पहिला घास घेतायत तोवर माझ्या टेबलावरचा फोन थयथयाट करायला लागला.

"आबांनी इकली म्हनं!"

"टेलचं तोडनार म्हनं! आमच्या पोरीची परीक्षा हाय ऑनलाईन!"

एक जण तर भलताच पेटला होता. "आबांचा शब्द म्हनून बांधावर खांब रवू दिलाय. कागुद न्हाय, काय न्हाय. आबा न्हाईत तर उद्या उपटून चुलीत घालतो!"

मी म्हणाले, "दादा, जेवलात का?"

"जेवान गेलं खड्ड्यात!" आणि फोन आपटला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो उपाय चालला नाही. मला खरोखर भीती वाटली.

साहेबांनी सगळं ऐकलं. माणूस सरळ होता, उगीच कशाला खोटं बोलू. ते म्हणाले, "आबा, तुमचे खांब शब्दावर उभे आहेत, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही जमिनीखालून टाकू. वेळ लागेल, पण टाकू."

"अन् घरजावई?" आबांनी विचारलं. सीएंनी डोळे मिटले आणि समजावून सांगितलं. साहेब खळखळून हसले. "नाही हो. आमची कंपनी सासुरवाडीला राहत नाही. घेते ते सगळं घेते."

"अन् टेल?"

"तो भाग बंद होईल. तुम्हाला फसवणार नाही."

"खरं बोललात. घ्या, पोहे घ्या अजून," आबा म्हणाले आणि स्वतः उठून वाढले. शेवही घातली. शेवेचा चमचा हातात धरून जरा वेळ तसेच उभे राहिले.

"मग काय ठरवू या?" साहेब म्हणाले.

"पोरीला इचारू की."

आम्ही सगळ्यांनी माळ घातलेल्या कपाटाकडं बघितलं. दत्तानं तर कपाटाला विचारल्यासारखी मान केली. आबांनी मात्र खिशातनं मोबाईल काढला, भिंतीला टेकवला आणि कॉल लावला. दहा वाजून गेले होते. पलीकडं चूल, तवा, तव्यावर भाकरी आणि पदर कानामागं खोचलेली शालनआत्या.

"शालन, हे मुंबईचे पावणे आल्यात. कंपनी मागत्यात. मोठं घर हाय, पैका हाय, मानूसबी चांगला हाय. पर तुज्याकडचा दोरा तुटंल. देऊ का?"

आत्या लाजली. "मला काय इचारतुयास, दादा? तुमी पुरुष मानसांनी ठरवायचं."

"न्हाय. तू सांग. तू म्हनशील तसं."

आत्या काही बोलेना. हलेनाही. परातीत हात, नजर सरळ आमच्याकडं. दत्ता पुटपुटला, "अडकलं वाटतं," आणि सवयीनं खांबावर चढायला दाराकडं निघालासुद्धा. मी त्याचा शर्ट धरून ओढला. तव्यावरनं वाफ निघत होती. काही अडकलं नव्हतं.

"मला देताना इचारलं न्हवतं," आत्या म्हणाली. "आता वायर देताना इचारतुयास व्हय?"

आबांची मान खाली गेली. "व्हय."

"मग न्हाय."

आबांनी मान वर केली आणि साहेबांपुढं हात जोडले. "पावणं, पोरीचा नकार हाय."

मला वाटलं साहेब चिडतील. त्यांनी हात जोडले. टोपी काढून ठेवायला लागले, तर आबा म्हणाले, राहू द्या, मानाची हाय ती.

पुढं साहेब बोलले तसंच झालं. त्यांची लाईन आली, जमिनीखालून आली, फुकट आली. शहरातलं गिऱ्हाईक भराभर गेलं, सगळ्यांत आधी ते डॉक्टर. आमचं ऑफिस माडीवरनं उतरून खताच्या गोदामामागच्या खोलीत आलं, तिथं युरियाच्या वासानं डोकं उठायचं. मी फोन घ्यायचे, बिलं करायचे आणि हंगामात लुनावर बेळकंही धरलंय. पण टेलची गावं आमचीच राहिली, कारण तिकडं दुसरं कुणी यायला तयारच नव्हतं. तेवढ्यावर आम्ही तगलो. माझ्या घरी पोहे झाले, तेव्हा आबा आमंत्रण नसताना काटेवाडीला येऊन बसले आणि भर बैठकीत म्हणाले, आदी पोरीला इचारा. वडील असे गोरेमोरे झाले! पण विचारलं. मग गुडघे बोलायला लागल्यावर आबांनी कंपनी दत्ताला आणि मला दिली, घरातल्या घरात. आम्हाला वेगवेगळं बोलावून विचारलं, पसंत हाय का? दत्ता प्रश्न संपायच्या आत हो म्हणाला. मी मुद्दाम दोन दिवस लावले. आबा कोण खूश झाले माझ्यावर.

आता ते आत्याकडंच असतात, आणि दहा वाजता कॉल मी लावते. कोपऱ्यात आबांचा हात दिसतो, तव्यावरनं उतरलेली भाकरी उचलणारा. ऑफिसात त्यांचा आवाज नाही ह्याची मला अजून सवय झालेली नाही.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलंच. साहेब आणि मॅडम जिना उतरत होते, सीए रुमाल पिळत होते, आबा भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होते, आणि फोन कुणी बंदच केला नव्हता. पडद्यावर आत्या होती तशीच बसलेली. तोंडावर हात, आणि हाताआडनं हसू सांडतंय. एवढी साठीची बाई, पण अशी दिसत होती, की आत्ता शाळेतनं आलीय.

"दादा," ती म्हणाली, "परत इचार की."

"काय गं?"

"त्येच. देऊ का म्हनून."

आबांनी टॉवेलनं तोंड पुसलं, खुर्ची ओढली, चष्मा नाकावर घेतला आणि चांगला घसा खाकरून विचारलं, "शालन, देऊ का?"

"न्हाय!" आत्या एवढ्या मोठ्यानं ओरडली, की खाली जिन्यात साहेबांची पावलं थांबली. मग ती पदरात तोंड खुपसून हसायला लागली, आबा हसायला लागले, दत्ता, मी, शेवटी सीएसुद्धा. हसता हसता आत्यानं तव्याकडं बघितलं आणि दचकलीच.

"ठिव आता फोन, दादा. भाकरी करपली."